पाण्यात मुरलेला वायू मोजणारे डॉ. विल्यम हेन्री

जत्रेत गोटी सोडा फोडला की फस्स करून फेस वर येतो. हा वायू आधी कुठे होता, असे मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी सांगितले की तो पाण्यातच विरघळलेला असतो, साखरेसारखा. पण साखर चमच्याने मोजता येते. वायू तर डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. मग तो पाण्यात किती मुरला हे मोजायचे कसे? हे ज्यांनी करून दाखवले त्या विल्यम हेन्री यांची माहिती मी लिहीत आहे.

विल्यम हेन्री यांचा जन्म १२ डिसेंबर १७७४ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर या शहरात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव थॉमस. ते औषधे बनवीत. पोटात जळजळ झाली की घ्यायची मॅग्नेशियाची पांढरी भुकटी ते तयार करून विकत. वायू भरलेले पाणीही ते बनवीत. म्हणजे सोडाच म्हणा ना! त्यामुळे विल्यमला लहानपणापासून हे सगळे घरातच बघायला मिळाले.

विल्यम दहा वर्षांचा असताना त्याच्या अंगावर तुळई कोसळली. फार मोठी दुखापत झाली. तो वाचला, पण त्याची उंची नीट वाढली नाही आणि अंगातली कळ जन्मभर गेली नाही. मी पण दहा वर्षांचा आहे. आमच्या घराला तुळई आहे. हे समजल्यापासून मी तिच्याखाली झोपत नाही, आजीजवळ झोपतो. मागच्या वर्षी मी चिंचेवरून पडलो तेव्हा दीड महिना हात गळ्यात होता, तर मी रोज रडायचो. विल्यमचे तर सगळे आयुष्य दुखण्यात गेले. तरी पण त्यांनी शिकायचे सोडले नाही.

शाळा झाल्यावर ते पाच वर्षे डॉ. पर्सिव्हल यांच्याकडे मदतनीस होते. १७९५ साली ते एडिंबरो येथे डॉक्टरकी शिकायला गेले. पण वडिलांना धंद्यात मदत पाहिजे होती म्हणून वर्षभरात परत आले. राहिलेले शिक्षण त्यांनी १८०५ साली पुन्हा सुरू केले आणि १८०७ साली ते डॉक्टर झाले. पण त्यांचा मोठा प्रयोग त्याच्या आधीच झाला होता.

तो प्रयोग असा. त्यांनी काचेचे एक भांडे घेतले. त्यावर मापाच्या खुणा होत्या. त्यात पाणी आणि वायू भरला. भांड्याला खालून एक लांब काचेची नळी जोडली आणि तिच्यात पारा ओतला. पारा लई जड असतो. नळीत पारा जेवढा उंच, तेवढा वायूवर दाब जास्त. सायकलच्या पंपाचे भोक बोटाने दाबून दांडा खाली ढकलला तर आत दाब होतो ना, तसेच. मग भांडे खूप हलवायचे. हलवले की वायू पाण्यात मुरतो आणि वरचा वायू कमी होतो. किती कमी झाला ते खुणांवर बघायचे. जेवढा वायू कमी झाला तेवढा पाण्यात गेला! मला ही युक्ती फार आवडली.

असे त्यांनी पुष्कळ वायू घेऊन केले. पाणी गार ठेवून केले, गरम ठेवूनही केले. तेव्हा कळले की दाब दुप्पट केला तर दुप्पट वायू मुरतो, तिप्पट केला तर तिप्पट. फक्त पाणी तेवढेच गार पाहिजे. पाणी गरम असेल तर वायू कमी मुरतो. डिसेंबर १८०२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत हे वाचून दाखवले गेले आणि १८०३ साली छापले गेले. याला हेन्रींचा नियम म्हणतात. तेव्हा ते २८ वर्षांचे होते.

या नियमाने गणित करता येते. १५ अंश गार असलेल्या १ लिटर पाण्यात साध्या दाबाला जवळजवळ १ लिटर कार्बन डायऑक्साइड मुरतो. सोड्यातला वायू हाच. दाब तिप्पट केला तर ३ लिटर मुरेल. हा तर नुसता पाढाच झाला. बाटली उघडली की दाब जातो, म्हणून वायू फसफसून बाहेर पडतो. सोडा तसाच उघडा ठेवला तर मिळमिळीत होतो, कारण आपल्या हवेत हा वायू अगदी थोडा असतो.

दुसरे गणित माशांचे. त्याच पाण्यात नुसता ऑक्सिजन साध्या दाबाला ३४ मिलिलिटर मुरतो. मी उत्तर ३४ लिहिले आणि गुरुजींनी लाल फुली मारली. कारण हवेत ऑक्सिजन पाचवा हिस्साच असतो, तर त्याचा दाबही पाचवा हिस्सा धरायचा. म्हणून उत्तर ७ मिलिलिटरच्या जवळ येते. एक लिटर पाण्यात एवढासाच, पण मासे त्याच्यावर जगतात.

मँचेस्टरमध्येच जॉन डाल्टन नावाचे त्यांचे मित्र होते. ते शाळामास्तर होते, बरं का! कोणता वायू पाण्यात जास्त मुरतो आणि कोणता कमी, असे का, याचा विचार तेही करत होते. त्यातून १८०३ साली त्यांनी अणूंच्या वजनाचा पहिला तक्ता तयार केला. डाल्टन यांनी आपल्या पुस्तकाचा एक भाग हेन्री आणि हम्फ्री डेव्ही यांना अर्पण केला आहे.

हेन्रींना १८०८ साली कोपले पदक मिळाले. पुढे त्यांचे हात दुखू लागले, शस्त्रक्रिया झाल्या आणि प्रयोग करता येईनात. तरी कॉलऱ्याच्या साथीच्या वेळी रोग्यांचे कपडे उष्णतेने कसे शुद्ध करायचे याचे काम त्यांनी केले. २ सप्टेंबर १८३६ रोजी ते वारले.

खालच्या कोपऱ्यात मी त्यांच्या भांड्याचे चित्र काढले आहे. पारा चंदेरी पाहिजे होता, पण रंगपेटीत चंदेरी नाही म्हणून निळा दिला आहे. पाणी कोरेच ठेवले आहे.

इयत्ता ४ थी