बिअर का नासते, हे शोधणारा केमिस्ट: लुई पाश्चर

दुधाच्या पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द आपण सगळ्यांनी वाचलाय. पण ज्याच्या आडनावावरून तो आला, त्या माणसाने सुरुवात दुधापासून नाही, तर दारूच्या पिंपांपासून केली होती. हे मला कळलं ते एका मित्रामुळे. तो जर्मनीत असतो. त्याने घरी २० लिटर बिअर बनवली आणि सगळी आंबट झाली. बादली तर साबणाने चकाचक धुतली होती, असं त्याचं म्हणणं. आम्ही दोघंही इंजिनिअर, त्यामुळे लगेच बग शोधायला बसलो आणि पोहोचलो थेट लुई पाश्चरपर्यंत.

पिंपातला व्हायरस

पाश्चरचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, फ्रान्समधल्या दोल गावातला. वडील चामडं कमावायचे. मुलगा शिकून केमिस्ट झाला. डॉक्टर तो कधीच नव्हता.

१८५६ मध्ये तो लील शहरात प्राध्यापक होता. तिथल्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा बीटपासून अल्कोहोल बनवायचा कारखाना होता आणि काही पिंपांतला माल सारखा नासत होता. पाश्चरने दोन्ही प्रकारच्या पिंपांतले थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवले. चांगल्या पिंपात गोलसर यीस्ट दिसलं. नासलेल्या पिंपात मात्र बारीक काड्यांसारखे जीव होते आणि तेच लॅक्टिक ॲसिड तयार करत होते. म्हणजे माल आपोआप नासत नव्हता, बाहेरून कोणीतरी सिस्टिममध्ये घुसत होतं.

मग त्याने हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीचे काचेचे चंबू बनवले. आत उकळलेलं सूप ठेवलं. हवा आत जायची, पण धूळ वाकणात अडकायची, आणि सूप तसंच टिकायचं. चंबू तिरका करून सूप त्या धुळीला लावलं, की ते नासायचं.

घरातलं दुःख आणि बिअरचं युद्ध

हे सगळं चालू असताना घरी काय चाललं होतं? पाच मुलांपैकी तीन मुली लहानपणीच गेल्या, त्यातल्या दोघी टायफॉइडने. १८६८ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी त्याला पक्षाघात झाला. डावी बाजू पुन्हा कधीच पूर्ण बरी झाली नाही. तरी तो थांबला नाही.

१८७० च्या युद्धात फ्रान्स जर्मनीकडून हरला. पाश्चर कट्टर देशभक्त. त्याने ठरवलं, फ्रेंच बिअर जर्मन बिअरच्या तोडीची करायची. गंमत म्हणजे त्याला स्वतःला बिअर फारशी आवडत नव्हती! १८७१ मध्ये तो लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत गेला, यीस्ट तपासलं आणि त्यात नको ते जीव आहेत हे तिथल्या लोकांना दाखवून दिलं. थोड्याच दिवसांत त्या ब्रुअरीने स्वतःचा मायक्रोस्कोप घेतला. १८७६ मध्ये पाश्चरचं बिअरवरचं पुस्तक आलं. पुढे १८८३ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सन याने शुद्ध यीस्ट वेगळं करून दाखवलं.

धुणं वेगळं, जंतू मारणं वेगळं

आता मित्राचा बग. बिअरसाठी माल्टचं पाणी उकळतात, तेव्हा त्यातले जवळपास सगळे जंतू मरतात. धोका सुरू होतो ते थंड झाल्यावर. त्यानंतर त्याला लागणारी प्रत्येक वस्तू, म्हणजे बादली, झाकण, नळी, तोटी, बाटल्या, आधी धुवायची आणि मग सॅनिटाइझ करायची. क्रम महत्त्वाचा. चिकटलेल्या थराखाली सॅनिटायझर पोहोचतच नाही. धूळ न पुसता मोबाइलला टेम्पर्ड ग्लास लावण्यासारखंच आहे ते.

प्लॅस्टिकची बादली तारेच्या घासणीने घासू नका. ओरखड्यांत जंतू लपतात. सॅनिटायझर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच घ्या आणि सांगितलाय तितका वेळ राहू द्या. ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

माझ्या आजीला हे कोणी शिकवलं नव्हतं. पण लोणच्याची बरणी धुऊन, उन्हात खडखडीत वाळवल्याशिवाय ती भरायची नाही, आणि ओला चमचा घातला तर खैर नसायची.

पुढे काय झालं?

बिअर आजारी पडते ती जंतूंमुळे, मग माणूसही तसाच आजारी पडत असेल का? हा प्रश्न पाश्चरला लसींपर्यंत घेऊन गेला. १८८५ मध्ये पिसाळलेला कुत्रा चावलेल्या ९ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला त्याने रेबीजची लस दिली आणि पोरगा वाचला. २८ सप्टेंबर १८९५ ला पाश्चर गेला. त्याच्या पॅरिसच्या संस्थेत काम केलेल्या हाफकिन यांनी पुढे मुंबईत प्लेगची लस तयार केली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

आणि मित्राचा बग? बादलीची तोटी त्याने कधी उघडलीच नव्हती. आत जुना थर साचला होता. पुढच्या वेळी तोटी सुटी करून धुतली, सॅनिटाइझ केली, आणि बिअर छान झाली.