फ्लॅश नको म्हणणाऱ्यांसाठी नादारची गोष्ट

फोनमधला फ्लॅश आपण बहुतेक जण बंदच ठेवतो. चालू केला की चेहरा पांढराफटक, कपाळ चकचकीत आणि मागच्या भिंतीवर काळी सावली. मग ग्रुपमधलं कुणीतरी ओरडतंच, फ्लॅश नको रे! माझं मत थोडं वेगळं आहे. फ्लॅश वाईट नसतो, एकटा फ्लॅश वाईट असतो. हे मी ज्याच्याकडून शिकलो, त्या माणसाला जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली. त्याचं नाव नादार.

आधी यूजरनेम, मग कॅमेरा

खरं नाव गास्पार-फेलिक्स तुर्नाशों. जन्म १८२०, पॅरिस. मित्रांच्या टोळक्यात शब्दांच्या शेवटी 'दार' जोडायची गंमत चालायची. तुर्नाशोंचं तुर्नादार झालं आणि घासून घासून उरलं नादार. पुढे धाकटा भाऊ आद्रियां हेच नाव लावून फोटोचा धंदा करू लागला, तेव्हा फेलिक्स कोर्टात गेला आणि १८५७ मध्ये जिंकला. आज कुणी आपलं हँडल चोरलं तर आपण रिपोर्ट मारतो, त्याने सख्ख्या भावावर केस केली.

फोटोग्राफीआधी तो व्यंगचित्रं काढायचा. १८५४ मध्ये त्याने अडीचशेच्या आसपास फ्रेंच लेखकांची एकच भलीमोठी मिरवणूक कागदावर उतरवली. नाव झालं, पैसे बुडाले. पण व्यंगचित्रामुळे त्याला चेहरा वाचायची सवय लागली होती. ती पुढे कामी आली.

त्याच सुमारास त्याने कॅमेरा हातात घेतला. कवी बोदलेर, अभिनेत्री सारा बर्नार्ट, कादंबरीकार द्युमा असे कितीतरी जण त्याच्यासमोर बसले. त्या काळी इतर स्टुडिओंत खोटे खांब, पडदे आणि नक्षीदार खुर्च्या असायच्या. नादारने ते सगळं काढून टाकलं. साधा पडदा, काचेतून येणारा दिवसाचा उजेड आणि माणूस. उजेड एका बाजूने येऊ द्यायचा, म्हणजे नाक, गाल, डोळ्यांच्या खोबण्या उठून दिसतात.

पॉवर बँक केवढी? पन्नास सेलची

अडचण एकच होती. हिवाळ्यात पॅरिसमध्ये अंधार लवकर पडतो आणि धंदा बसतो. मग त्याने वीज वापरून पाहिली. घरोघरी वीज यायला अजून बराच अवकाश होता, त्यामुळे पन्नासेक बन्सेन सेल जोडून बॅटरी बनवावी लागे. तिचा प्रवाह कार्बनच्या दोन कांड्यांमधून सोडला की मधल्या फटीत प्रखर ठिणगी सतत जळत राहते. हा आर्क दिवा. त्या वेळच्या ओल्या कोलोडियन प्लेट्स निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच जास्त दाद देत, आणि आर्कमध्ये तो भरपूर असतो. म्हणून जोडी जमली.

इथे एक मजेदार गोष्ट सांगतो. मोठ्या कॅमेऱ्याचा झेनॉन फ्लॅश सेकंदाच्या अगदी बारीक अंशात चमकून विझतो. फोनचा एलईडी त्यामानाने जास्त वेळ पेटलेला राहतो, टॉर्च म्हणून तर हवा तेवढा वेळ. म्हणजे या बाबतीत तुमच्या खिशातला दिवा नादारच्या आर्क दिव्याचा जवळचा नातेवाईक आहे.

पहिले विजेचे पोर्ट्रेट मात्र बिघडलेच. एका बाजूला पांढराफटक, दुसऱ्या बाजूला डांबरासारखा काळा. आपल्या फ्लॅशची जी तक्रार, तीच. नादारने दिवा फेकून दिला नाही, त्याला जोडीदार शोधला. दुधी काचेतून प्रकाश मऊ केला. पांढऱ्या कापडाचे पडदे आणि आरसे लावून थोडा उजेड सावलीच्या बाजूला परतवला. आज याला फिल लाइट म्हणतात. १८६१ मध्ये त्याने कृत्रिम प्रकाशातल्या फोटोग्राफीचं पेटंट घेतलं.

मग तो थेट जमिनीखाली उतरला. पॅरिसच्या कॅटाकोंब्समध्ये लाखो माणसांची हाडं रचून ठेवलेली आहेत. बॅटरी वर रस्त्यावर, तारा खाली भुयारात. एका फोटोला अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागे. इतका वेळ जिवंत माणूस स्तब्ध कसा राहणार? म्हणून मजुरांचे कपडे घातलेले पुतळे उभे केले. पुढे गटारांचेही फोटो झाले. शहराच्या पोटात काय आहे, हे पॅरिसकरांना घरबसल्या दिसलं.

उडण्याची किंमत

हा माणूस एका जागी बसणारा नव्हताच. १८५८ मध्ये त्याने बलूनमधून फोटो काढला. आधी प्लेट्स काळ्या पडत होत्या, कारण बलूनमधून सुटणारा वायू रसायनं खराब करत होता. १८६३ मध्ये त्याने 'ल जेआं' म्हणजे 'राक्षस' नावाचा प्रचंड बलून बांधला. दुसऱ्याच उड्डाणात तो जर्मनीत हॅनोव्हरजवळ जमिनीवर फरफटत गेला. नादार जखमी झाला आणि सोबत असलेली त्याची बायको अर्नेस्टीनही. बलूनमध्ये पैसाही खूप गेला. त्याचा मित्र ज्यूल व्हेर्न याने चंद्रावरच्या कादंबरीत नादारच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून 'आर्दां' हे पात्र घडवलं, पण त्याने कर्ज फिटत नाही.

१८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला, तेव्हा शहराबाहेर पत्रं नेणाऱ्या बलूनसेवेत तो पुढे होता. १८७४ मध्ये इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचं पहिलं प्रदर्शन भरलं, तेही बुलव्हार दे कापुसिनवरच्या त्याच्या जुन्या स्टुडिओत. १९१० मध्ये तो वारला. नव्वदीला काही दिवसच बाकी होते.

तुमच्या फोनसाठी

संध्याकाळी गच्चीवर, मागे केशरी आकाश आणि पुढे मित्र, हा फोटो घ्या.

१. स्क्रीनवर आकाशावर टॅप करा आणि एक्स्पोजर थोडं खाली ओढा. आकाशाचा रंग येईल, मित्र काळा पडेल.

२. आता फ्लॅश चालू करा आणि मित्राला एक-दीड मीटरवर उभं करा. फोनचा दिवा त्यापलीकडे फारसा पोचत नाही.

३. त्याहून बरं म्हणजे दुसऱ्या फोनचा टॉर्च बाजूने धरा, मध्ये पातळ पांढरा कागद. समोरच्या बाजूला पांढरी चादर धरली की सावली मऊ होते. मी हे बऱ्याचदा केलंय, खर्च शून्य.

मागचं आकाश एक्स्पोजर सांभाळतं, चेहरा दिवा सांभाळतो. दोघांचं जमलं की फ्लॅश मारलाय हे कळतही नाही.

शेवटी एक फोटो नक्की शोधून बघा. १८९० च्या सुमाराचं अर्नेस्टीनचं पोर्ट्रेट, नादारच्या नावावर असलेलं. पांढरे केस, ओठांशी धरलेलं फूल, चेहऱ्यावर मऊ उजेड. हॅनोव्हरला त्याच्यासोबत फरफटलेली हीच ती बाई. माझ्या मते विजेच्या सगळ्या प्रयोगांपेक्षा हा फोटो जास्त शिकवतो. दिवा कुठे ठेवायचा ते एका संध्याकाळी जमतं. समोरच्या माणसाकडे नीट बघायला मात्र वेळ द्यावा लागतो.