मौलाना हसरत मोहानी आणि तुरुंगाची हकीकत

१९८२ साली आलेल्या ‘निकाह’ चित्रपटात गुलाम अली यांनी गायिलेली गझल आपल्या घराघरांत पोहोचली. ती लिहिणारे मौलाना हसरत मोहानी तीनदा तुरुंगात जाऊन आले होते, हे मात्र त्या गझलेवर मान डोलावणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. आणि तुरुंगातून आल्यावर आत काय चालते हे त्यांनी आपल्या वाचकांना उघडपणे सांगितले, ही गोष्ट तर त्याहून कमी लोकांना ठाऊक असते.

मौलानांचे मूळ नाव सय्यद फजलुल हसन. उन्नाव जिल्ह्यातील मोहान हे त्यांचे गाव, म्हणून मोहानी. १९०३ साली ते अलीगढ कॉलेजातून बी. ए. झाले. त्या काळी अशा पदवीधराला सरकारी नोकरीचा दरवाजा उघडा असे. मौलाना त्या दरवाज्याकडे वळले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हे मासिक काढले. मासिक साहित्याचे, परंतु राजकारणही त्यात येई, आणि राजकारणात मौलाना लोकमान्य टिळकांना गुरुस्थानी मानीत.

१९०८ साली या मासिकात इजिप्तमधील इंग्रजांच्या धोरणावर टीका करणारा एक लेख छापला गेला. लेखकाचे नाव नव्हते. सरकारने विचारणा केली तेव्हा मौलानांनी नाव सांगण्याचे साफ नाकारले आणि लेखाची सारी जबाबदारी आपल्या शिरावर घेतली. नाव सांगितले असते तर कदाचित ते स्वतः सुटले असते. जूनमध्ये त्यांना अटक झाली. त्याच महिन्यात मुंबईत टिळकांनाही पकडण्यात आले. राजद्रोहाच्या कलमाखाली मौलानांना दोन वर्षांची सक्तमजुरी आणि ५०० रुपये दंड झाला. दंडाच्या वसुलीसाठी त्यांनी वर्षानुवर्षे जमविलेली दुर्मिळ पुस्तके व हस्तलिखिते कवडीमोलाने विकली गेली. ज्याच्या घरी चार पुस्तके आहेत त्याला या शिक्षेचे वजन कळेल.

अटकेच्या वेळी त्यांची लहान मुलगी आजारी होती. पत्नी निशातुन्निसा बेगम यांनी रडगाणे लिहून पाठविले नाही. घरची काळजी करू नका, तुम्ही डगमगलात असे होऊ देऊ नका, अशा आशयाचा निरोप त्यांनी तुरुंगात धाडला. आपल्या मुलींना सांगावी अशी ही बाई. पण तिच्यासाठी वेगळा लेख हवा.

अलीगढच्या तुरुंगातून मौलानांना अलाहाबादजवळच्या नैनी तुरुंगात नेले. अंगावर कैद्याचे कपडे, अंथरायला तरटाचा तुकडा, पांघरायला कांबळे, आणि सर्व कामांना मिळून लोखंडी भांडी. काम चक्कीचे. रोज एक मण गहू दळायचा. रमजानचा महिना आत आला आणि गेला. सहेरीची सोय नव्हती, इफ्तारीची नव्हती. चक्की फिरत राहिली, आणि चक्कीबरोबर गझलही चालू राहिली.

शिक्षा पुढे कमी झाली व १९०९ साली ते बाहेर आले. इथून पुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. तुरुंगातून आलेला माणूस गप्प बसतो. घरचेही तो विषय काढीत नाहीत. मुलींची लग्ने अडतील, भाऊबंद नावे ठेवतील, ही भीती असते. मौलानांनी उलट केले. ‘उर्दू-ए-मुअल्ला’ पुन्हा सुरू करून त्यात आपले अनुभव क्रमशः छापले. तेच ‘मुशाहिदात-ए-जिंदाँ’. कोणते कपडे मिळतात, काय खायला मिळते, काम कसे मोजून घेतात, आतले लहानमोठे अधिकारी पैसे कसे खातात, हे सारे त्यांनी साध्या उर्दूत लिहिले. गोऱ्या कैद्याला एक वागणूक आणि देशी कैद्याला दुसरी, हेही त्यांनी स्पष्टपणे मांडले. कायदा सर्वांना सारखा, असे शाळेच्या पुस्तकात शिकलेल्या पोरांना ही हकीकत वाचून काय वाटले असेल! लेखणीत चीड आहे, पण स्वतःबद्दल कीव नाही. गुन्हा करून आलेले साधे कैदीही त्यांच्या नजरेतून सुटले नाहीत.

सरकारला हे मासिक सलत होतेच. १९१३ साली छापखान्याकडे ३००० रुपयांचा जामीन मागण्यात आला. एवढी रक्कम कुठून आणणार? छापखाना आणि मासिक दोन्ही बंद पडले. मौलानांनी अलीगढात स्वदेशी मालाचे दुकान घातले. मौलवी, शायर, संपादक आणि आता कापडाचे दुकानदार!

१९१६ साली दुसरा तुरुंगवास आला आणि एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात फिरवीत त्यांना १९१८ पर्यंत अडकवून ठेवले. तिसऱ्या तुरुंगवासाचा आपल्या महाराष्ट्राशी संबंध आहे. १९२१ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या काँग्रेस अधिवेशनात त्यांनी संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी मांडली. गांधीजींनी विरोध केला व ठराव पडला. काँग्रेसने तीच मागणी १९२९ साली लाहोरला स्वीकारली, हे विद्यार्थ्यांनी इतिहासाच्या वहीत जरूर टिपून ठेवावे. अहमदाबादच्या भाषणांबद्दल १९२२ साली त्यांच्यावर राजद्रोहाबरोबरच बादशहाविरुद्ध युद्धास चिथावणी दिल्याचाही आरोप ठेवला गेला. हा दुसरा आरोप मुंबई हायकोर्टात टिकला नाही. राजद्रोहाची शिक्षा मात्र कायम राहिली आणि मौलानांना पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवण्यात आले. १९२४ साली ते सुटले.

ज्या माणसाला कायद्याने तीनदा आत टाकले, तो पुढे घटना समितीचा सभासद झाला आणि देशाचा कायदा घडविणाऱ्यांत बसला. तेथेही पटले नाही ते पटले नाही म्हणून सांगत राहिला. दिल्लीला यायचे ते रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने, आणि उतरायचे ते मशिदीत. फाळणीनंतर ते हिंदुस्थानातच राहिले. १३ मे १९५१ रोजी लखनौ येथे त्यांचे निधन झाले व फरंगी महालाच्या कबरस्तानात त्यांना दफन करण्यात आले.