रंग नीट दिसत नव्हते म्हणून चित्रकला सोडली आणि शेतकऱ्यांना कडबाकुट्टी दिली

जनावरांसमोर अख्खा कडबा टाकला की ती पाला खातात आणि जाड ताटं तशीच सोडतात. दुष्काळात ही नासाडी परवडत नाही. बारीक तुकडे केले तर बराचसा चारा पोटात जातो, पण ते विळ्या-कुऱ्हाडीने करत बसायचं म्हणजे तासन्‌तास जातात. हे काम सोपं करणाऱ्या माणसाला मात्र चित्रकार व्हायचं होतं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले, पण त्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. मग ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. आज माटुंग्याला असलेली ही संस्था तेव्हा भायखळ्याला होती. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडून बेळगाव गाठलं. तिथे भाऊ रामुअण्णांसोबत त्यांचं सायकलचं दुकान होतं.

तिथेच त्यांनी कडबाकुट्टी बनवायला घेतली. हे यंत्र साधं आहे. मोठ्या चाकाला पाती बसवलेली असतात. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने चारा आत सारायचा. सगळा खेळ धारेचा. पातं बोथट झालं की ताट कापलं न जाता चेंगरतं आणि चाक फिरवणाऱ्याचा दम निघतो. म्हणून पातं काढून धार लावायची आणि पुन्हा घट्ट बसवायचं. बोटं मात्र सांभाळायची!

त्यानंतर आला लोखंडी नांगर, आणि खरी परीक्षा इथे होती. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला जवळपास दोन वर्षं लागली.

पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन दिली. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे आणि स्टेशनचं नावही तेच झालं आहे.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. अवजार बनवणं ते कारखान्यात शिकले. पण त्यावर शेतकऱ्याचा विश्वास बसायला वेळ द्यावा लागतो, हे त्यांना न विकलेल्या नांगरांनी शिकवलं.