वर्ध्याचा शेतीतज्ज्ञ मेक्सिकोच्या कामी आला; घरी परतायला उभी हयात गेली

आपला पोरगा शिकून परदेशात गेला की पारावर एकच चर्चा होते, आता हा काही परत येत नाही. पण ज्याला यायचं होतं आणि येऊ दिलं नाही, अशा एका वैदर्भीय माणसाची ही गोष्ट. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

जन्म १८८४ चा, वर्ध्याचा. तरुणपणीच क्रांतीचं वेड लागलं. लोकमान्य टिळकांच्या सल्ल्याने ते लष्करी शिक्षणासाठी देशाबाहेर पडले. आधी जपान, मग अमेरिका. तिथं मजुरी करत त्यांनी लष्करी शिक्षण घेतलं आणि सोबत शेतीशास्त्राची पदवीही मिळवली. गदर चळवळीच्या उभारणीत ते पुढे होते. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये जाऊन इंग्रजांच्या विरोधात लढले.

झालं, इंग्रज सरकारने मायदेशाचं दार बंद केलं. १९२४ मध्ये त्यांनी मेक्सिको गाठलं. चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मका आणि गव्हावर संशोधन केलं. कमी पाण्यात, थंडीत तग धरणारे वाण तयार करण्यासाठी ते झटले. गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या, म्हणजे ज्ञान थेट बांधावर नेलं. तिथले नामवंत चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांचे मित्र. त्यांच्या भिंतीचित्रातही खानखोजे दिसतात.

आता गंमत बघा. १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तरी इंग्रजांच्या काळ्या यादीतलं त्यांचं नाव काही लगेच पुसलं गेलं नाही. परतीच्या वाटेत तेच आडवं आलं. अखेर कायमचे नागपूरला आले तेव्हा वय सत्तरीच्या घरात होतं. २२ जानेवारी १९६७ रोजी तिथंच त्यांचं निधन झालं.

म्हणजे हाता-पायात बळ होतं ती तीस वर्षं मेक्सिकोच्या शेतकऱ्याला मिळाली. आपल्या कोरडवाहू रानाला ती मिळाली असती तर? मी स्वतः शेती करतो, म्हणून हा विचार डोक्यातून जात नाही.

आज काळी यादी नाही. पण शिकलेल्या पोराला गावात प्रयोगशाळा नाही, कामाला मान नाही, पगाराचा भरवसा नाही. मग त्याने यायचं कशासाठी? पोरगा परत येत नाही म्हणून त्याला नावं ठेवण्याआधी आपण दार उघडं ठेवलंय का, हे एकदा बघायला पाहिजे.