अबचलनगरीतील वारसा

नांदेडला शीख बांधव अबचलनगर म्हणतात. अबचल म्हणजे अढळ. शिखांचे दहावे गुरू श्री गोविंदसिंगजी १७०८ मध्ये गोदावरीच्या काठी येऊन थांबले, तेव्हा मात्र त्यांच्या संसारात अढळ असे फारसे काही उरले नव्हते. चारही पुत्र गेले होते. वय अवघे ४१ वर्षांचे होते आणि पंथाचे पुढे काय, हा प्रश्न उभा होता.

पाटण्यात १६६६ मध्ये जन्मलेल्या गोविंदसिंगजींवर गुरुपदाची जबाबदारी नवव्या वर्षीच आली. पिता गुरू तेगबहादूर यांचा १६७५ मध्ये औरंगजेबाच्या हुकुमाने दिल्लीत शिरच्छेद झाला. १६९९ च्या वैशाखीला त्यांनी आनंदपूर येथे खालसा पंथाची स्थापना केली. पुढे मोगल आणि पहाडी राजांच्या वेढ्यामुळे आनंदपूर सोडावे लागले. अजितसिंग आणि जुझारसिंग हे थोरले पुत्र चमकौरच्या लढाईत पडले, तर दहा वर्षांच्या आतील जोरावरसिंग व फतेहसिंग यांना सरहिंदचा सुभेदार वझीरखान याने ठार करविले. हे सारे काही दिवसांत घडले.

या आघातानंतर एखादा सामान्य मनुष्य प्रारब्धाला दोष देत बसला असता. गुरूंनी तळवंडी साबो येथे मुक्काम करून ग्रंथसाहिबाची प्रत सिद्ध करण्याचे काम हाती घेतले. लेखनिक होते भाई मणिसिंग. पित्याची पदे या प्रतीत समाविष्ट झाली. ईश्वरावर, त्यांच्या भाषेत अकालपुरुषावर, पूर्ण भार टाकणारा हा पुरुष स्वतःच्या वाट्याचे काम कधी टाकत नसे.

सगळेच बेत तडीस गेले, असे मात्र नाही. जफरनामा हे फारसी पत्र पोहोचल्यावर औरंगजेबाने भेटीचे बोलावणे धाडले. गुरू दक्षिणेकडे निघाले आणि राजस्थानातच बादशहाच्या निधनाची वार्ता आली. मग वारसायुद्धात त्यांनी बहादूरशहाची बाजू घेतली. नवा बादशहा न्याय देईल, या अपेक्षेने ते त्याच्यासोबत दक्षिणेत आले. पण वझीरखानाविरुद्ध कारवाई काही होईना. नांदेडला त्यांनी बादशाही छावणीची साथ सोडली.

येथेच माधोदास नावाचा बैरागी त्यांना भेटला. जम्मूकडचा हा तरुण गोदाकाठी मठ करून राहिला होता. गुरूंनी त्याला खालशाची दीक्षा दिली, पाच बाण आणि पाच निवडक शीख सोबत दिले, पंजाबातील शिखांच्या नावे हुकुमनामे दिले. बंदासिंग या नावाने तो उत्तरेकडे निघाला. बादशहाकडून जे होईना, ते मराठवाड्यातल्या एका बैराग्यावर सोपविले गेले!

याच सुमारास एका पठाणाने गुरूंवर खंजिराने वार केला. त्यामागे वझीरखान असल्याचे मानले जाते. जखम शिवली गेली, भरतही आली. परंतु जड धनुष्य ओढताना टाके तुटले आणि रक्त थांबेना.

आता वारस नेमणे भाग होते. गुरुपदावरून होणारे कलह या घराण्याला नवे नव्हते. १६६४ मध्ये आठवे गुरू हरकिशन यांच्यानंतर बकाला गावात बावीस जण गुरू म्हणून गादी मांडून बसले होते, असे परंपरा सांगते. गोविंदसिंगजींनी कोणाही माणसाची निवड केली नाही. परंपरेनुसार पाच पैसे व नारळ ग्रंथसाहिबासमोर ठेवून त्यांनी मस्तक टेकविले आणि देहधारी गुरूंची परंपरा संपल्याचे जाहीर केले. यापुढे मार्गदर्शन ग्रंथाचे आणि ऐहिक निर्णय खालशाचे. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी त्यांनी देह ठेवला.

मागे सैन्य नव्हते, राज्य नव्हते, गादीवर कोणी व्यक्तीही नव्हती. बंदासिंगाने मे १७१० मध्ये सरहिंद जिंकले. वझीरखान रणात पडला. पुढे पाडलेल्या नाण्यांवर स्वतःच्या नावाऐवजी गुरूंचे नाव कोरले गेले. १७१६ मध्ये बंदासिंगालाही दिल्लीत हाल करून मारण्यात आले. पंथाची खरी कसोटी त्यानंतरच लागली. विखुरलेली शीख पथके अमृतसरला ग्रंथसाहिबासमोर जमून निर्णय घेत राहिली.

गुरूंच्या निर्वाणस्थळी निजामाच्या मुलखात १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंगांनी हजूर साहिबची इमारत उभी करविली. शिखांच्या पाच तख्तांपैकी ते एक आहे. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी साजरी झाली, तेव्हा देशविदेशातून लाखो भाविक नांदेडला आले होते.