वरसईचे भटजी, धारमार्गे

धार-देवासच्या खडकाळ वाटांवर जीप घालणाऱ्यांचं कौतुक ऐकलं की मला विष्णुभट गोडसे आठवतात. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज, म्हणून 1857 मध्ये काकांबरोबर दक्षिणेसाठी उत्तरेकडे निघाले. सातपुडा ओलांडला, महूजवळ बंडाची बातमी कळली, तरी मागे फिरले नाहीत. उज्जैन, पवारांचं धार, ग्वाल्हेर करत झाशी गाठली. तिथे इंग्रजांच्या लुटीत जवळचं सगळं गेलं. पण काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन, शेकडो कोस चालत, ते घरी आले आणि आईवडिलांना त्या पाण्याने न्हाऊ घातलं. मला तर झाशीच्या वेढ्यापेक्षा ही कावडच जास्त अवघड वाटते. ‘माझा प्रवास’ छापून आलं 1907 मध्ये, ते गेल्यावर.